कडी आतून लागते का?

प्रिय मुली,

तुझा मेल परवा रात्री वाचला. लगेच उत्तर दिलं असतं, पण त्यातलं एक वाक्य अडकून बसलं. ‘ताई, कॉक्स बाजारला निवड झाली, आता मला त्या बायकांचं दुःख जगासमोर आणायचंय.’ आधी अभिनंदन करते, आणि मग भांडते.

त्यांचं दुःख जगासमोर कधीच येऊन गेलंय. २५ ऑगस्ट २०१७ नंतरच्या काही महिन्यांत सात लाखांहून जास्त रोहिंग्या माणसं म्यानमारच्या राखाइनमधून नाफ नदी आणि चिखलाचे बांध ओलांडून बांगलादेशात, कॉक्स बाजारकडे आली, आणि त्यांच्या पाठोपाठ कॅमेरेही आले. शाह पोरीर द्वीपच्या किनाऱ्यावर होड्या लागायच्या आणि पाण्यातून उतरणाऱ्या बाईच्या तोंडासमोर माइक धरला जायचा. राखाइनमध्ये काय घडलं त्याचा संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाचा अहवाल २०१८ मध्ये आला. २०१९ मध्ये गांबियानं हेगच्या न्यायालयात खटला भरला, आणि जानेवारी २०२० मध्ये त्या न्यायालयानं म्यानमारला अंतरिम आदेशही दिले. जग अंधारात आहे म्हणून काही अडलेलं नाही. पुरावे गोळा करणारी माणसं वेगळी असतात, त्यांचं शिक्षण वेगळं असतं आणि त्यांच्यामागे वकील असतात. तुझी नेमणूक बायका-मुलांच्या संरक्षणाच्या विभागात आहे. तुला कुणाची साक्ष घ्यायची नाहीये.

हे मी शहाणपणानं सांगत नाहीये. मी स्वतः हे करून बसलेय.

२०१७ चा ऑक्टोबर संपत आला होता. बालुखाली नावाच्या कॅम्पात टेकड्यांवरची झाडं तोडून, लाल माती खणून जागा सपाट करणं चालू होतं. एका ताडपत्रीखाली तिशीतली एक बाई बसली होती, मांडीवर वर्षाचं पोर. मी दुभाष्याला घेऊन टेकले. काही विचारायच्या आतच तिनं बोलायला सुरुवात केली. गाव, दिवस, सैनिक कुठल्या बाजूनं आले, नवऱ्याचं काय झालं, मोठ्या मुलीचं काय झालं. आवाजात चढउतार नाही. हातानं पोराच्या झबल्याची कड दुमडायची, उलगडायची, पुन्हा दुमडायची. मध्ये एके ठिकाणी थांबली, माझ्या वहीकडे बघितलं, मी लिहून संपवेपर्यंत वाट पाहिली आणि मग पुढे सुरू झाली. लिहिणाऱ्यासाठी कुठे थांबायचं हे तिला पाठ झालं होतं. दोन आठवड्यांत तिच्याकडे येणारी मी सहावी होते. सगळं सांगून झाल्यावर तिनं दुभाष्याला एक प्रश्न विचारला. तो ओशाळला, सांगेना. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, ‘ती विचारते, आता दुसरी ताडपत्री मिळेल का?’

तिनं हिशेब केला होता. लोक येतात, ऐकतात, लिहून नेतात, त्याअर्थी सांगण्याच्या बदल्यात काहीतरी मिळत असणार. आणि तो हिशेब चुकीचा म्हणावा तर आमचं वागणंच तसं होतं. ताडपत्री वाटणं आमच्या संस्थेकडे नव्हतंच. मी ‘गुरुवारी येते’ म्हणून उठले. गुरुवारी शहरात बैठक निघाली. गेले ती बारा दिवसांनी, तोवर उतार खचायचा धोका म्हणून तो अख्खा भाग हलवला होता. ती मला पुन्हा सापडली नाही. तिची पूर्ण गोष्ट माझ्या वहीत होती, आणि तिच्या छपरातून पाणी गळतच होतं.

तेव्हापासून मी नव्या माणसांना दोनच गोष्टी घोकायला लावते. गोष्ट मागायची नाही. आणि ज्या वाराला येते म्हटलंस त्या वाराला जायचं, हात हलवत जावं लागलं तरी जायचं.

आता तुझ्या खऱ्या कामाकडे वळते. कॅम्पचा दिवस तू बघशील तसा नसतो, कारण तू फक्त दिवसच बघणार आहेस. दुपारी चार-साडेचारच्या सुमारास मदत संस्थांच्या गाड्या बाहेर पडायला लागतात, तसा नियम आहे. मग उखियाच्या रस्त्यावर ट्रक, टोमटोम (बॅटरीवरच्या रिक्षा), सीएनजी (गॅसवरच्या रिक्षा) यांची गर्दी, दीड-दोन तासांनी कॉक्स बाजार, आणि तुझ्या हॉटेलच्या खिडकीतून समुद्र. तिकडे कॅम्पमध्ये तेव्हा रात्र सुरू होते, आणि रात्रीचा कॅम्प वेगळ्या लोकांचा असतो. हत्यारं बाळगणारे गट आहेत, त्यांची आपसात वैरं आहेत, पळवून नेणारे दलाल आहेत. रोहिंग्यांची बाजू जगापुढे मांडणारे मोहिबुल्ला यांना २९ सप्टेंबर २०२१ ला रात्री त्यांच्या कार्यालयातच गोळ्या घातल्या. बाईवर प्रसंग येतो तो बहुतेक वेळा तू नसताना येतो. म्हणून तू असताना काय केलंस याची परीक्षा तू निघून गेल्यावर होते.

आणि रात्रीच्या कॅम्पमध्ये बाईला सगळ्यात जास्त भीती कसली असेल? संडासला जाण्याची. बायका संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत. जेवण कमी करतात. दूध पाजणाऱ्या बायकासुद्धा. पोट दुखतं म्हणून दवाखान्यात येतात, आणि डॉक्टर भरपूर पाणी प्या म्हणून परत पाठवतो.

स्फिअरचे, म्हणजे मदतकार्यातल्या किमान दर्जाचे निकष तू अभ्यासात वाचले असशील. वीस माणसांमागे एक संडास, सुरुवातीच्या धावपळीत पन्नासांपर्यंत चालवून घेतात. आकडा सगळ्यांच्या लक्षात राहतो. दार आतून बंद होणारं हवं, ही त्याच निकषांतली ओळ विसरली जाते. आमच्या पहिल्या रांगेतल्या संडासांना कड्या लावल्या होत्या, व्यवस्थित लोखंडी, पण सगळ्या बाहेरून! ठेकेदाराला सांगितलं होतं ‘दाराला कडी’. त्यानं लावली. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून असेल असं त्याला वाटलं. आठवडाभर पोरं गंमत म्हणून बायकांना आत कोंडत होती आणि तिकडे आमच्या तक्त्यात त्या खान्यात बरोबरची खूण होती. मी स्वतः केलेली. मी दार बाहेरूनच बघितलं होतं.

तेव्हा कुठल्याही ब्लॉकमध्ये पहिल्यांदा गेलीस की संडासात आत जा, दार लाव, आणि उभी राहा. कडी आतून लागते का? बांबूच्या फटीतून दिसतं का? सौर दिवा लागलेला असेल तर त्याचा उजेड दारावर पडतो की आतल्या बाईची सावली ताडपत्रीवर पाडतो? (हसू नकोस, हे झालंय.) पुरुषांची रांग समोर आहे की मागे? पाळीचे कपडे धुवायला आडोसा आहे का, आणि ते वाळत कुठे घालतात? या प्रश्नांची उत्तरं बायका पाच मिनिटांत देतात आणि ती देताना कुणाला रडायला लागत नाही.

खरं तर हे मला बालुखालीत कळायला नको होतं. त्याच्या चोवीस वर्षं आधीच कळायला हवं होतं. ३० सप्टेंबर १९९३, विसर्जनाची रात्र सरत होती आणि किल्लारीला भूकंप झाला. मी तेव्हा समाजकार्याची विद्यार्थिनी होते, आम्हाला सर्वेक्षणाला नेलं. पत्र्याच्या शेडा, रस्त्याकडेला मुंबई-पुण्याहून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग, आणि आम्ही छापील फॉर्म घेऊन फिरतोय. घरात किती माणसं होती, किती गेली, कोण कोण गेलं. एक म्हातारी फॉर्म अर्ध्यावर आल्यावर म्हणाली, ‘बाई, कितींदा इचारता तेच ते? आदी त्या दाराला कडी बसवा.’ आम्ही ते शेऱ्यांच्या रकान्यात लिहून घेतलं. नक्की लिहून घेतलं, मला आठवतंय.

गोष्ट मागायची नाही याचा अर्थ कुणी सांगायला लागली तर तिला गप्प करायचं असा घेऊ नकोस. सांगेल तेवढं ऐक, वही मिटून ऐक. पण ऐकताना डोक्यात घड्याळ चालू ठेव. बलात्कार झालेला असेल तर एचआयव्हीपासून बचावाचं औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, गर्भ राहू नये म्हणूनची गोळी १२० तासांच्या आत. हे तास सांगण्या-ऐकण्यात जातात. ‘आधी सगळं सविस्तर सांग, मग बघू’ असं म्हणणारी कार्यकर्ती मी पाहिली आहे, तिचा हेतू वाईट नव्हता. तिनं ‘कधी झालं’ एवढंच विचारायला हवं होतं आणि बाईला लगेच दवाखान्यातल्या नर्सपर्यंत पोचवायला हवं होतं, तेही बाईची तयारी असेल तर. दिवस उलटून गेले असतील तरी दार बंद झालं असं नाही. बांगलादेशात १९७९ पासून ‘एमआर’, म्हणजे पाळी नियमित करणं, या नावानं एक सोय सरकारी आरोग्य सेवेत आहे, १०-१२ आठवड्यांपर्यंत. कॅम्पमध्येही ती मिळते. नावात सगळा शहाणपणा आहे. त्या नावामुळे बाईला घरी काय सांगायचं ते सोपं होतं. तुझ्या कॅम्पमधल्या कुठल्या केंद्रात ही सोय आहे, कुठल्या वारी आहे, तिथे बाई डॉक्टर आहे का, हे पहिल्या आठवड्यात स्वतः चालत जाऊन बघ. रेफरलच्या यादीवर जे छापलेलं असतं ते सहा महिन्यांपूर्वीचं असतं, आणि हल्ली निधी आटल्यापासून तर केंद्रं महिन्या-महिन्याला बंद होताहेत.

भाषेचं आता. तू लिहिलंस की हिंदी येतं, थोडं बांगला शिकतेय. बांगला शीक, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नकोस. रोहिंग्यांची बोली चाटगावच्या बोलीच्या जवळची, प्रमाण बांगलापासून लांब. सिनेमामुळे बऱ्याच जणांना हिंदी थोडं कळतं, आणि हे थोडं कळणं फार फसवं असतं. समोरची मान डोलावते आणि तुला वाटतं पोचलं. मराठी माणसाला आणखी एक खड्डा आहे. फानी म्हणजे पाणी, फुआ म्हणजे पोर, असे शब्द पहिल्या दिवशी कानावर पडले की आपल्याला फार जवळीक वाटते. पण ‘जुलूम झाला’ असं बाई म्हणाली आणि तू वहीत ‘अत्याचार, मारहाण’ असं लिहिलंस तर कदाचित तिनं सांगितलेलं सगळंच निसटलं. जुलूम, बेइज्जती, हे शब्द तिथे नाव न घेता बलात्काराबद्दल बोलायला वापरतात. तसंच ‘अशांती’. आपल्या कानाला तो वर्तमानपत्रातला शब्द वाटतो. तिथली बाई अशांती म्हणते तेव्हा झोप न येणं, छातीत धडधडणं, घरात भांडणं, पोरांवर हात उचलणं, यातलं काहीही किंवा सगळंच असू शकतं. विचारायचं, ‘अशांती असली की काय होतं?’ एवढा एकच प्रश्न, आणि मग गप्प बसायचं.

दुभाषी बाईच हवी. बावीस वर्षांच्या चाटगावच्या मुलापुढे कुठलीही बाई बोलणार नाही आणि त्याचा त्यात काही दोष नाही. शक्यतो रोहिंग्या बाई घे, पण त्याच ब्लॉकमधली नको. तिच्या सुरक्षेचाही विचार कर. बायकांनी संस्थांत काम करू नये म्हणून धमक्या दिल्याचे प्रकार घडले आहेत. ‘व्हॉलंटिअर’ असं नाव दिलेल्या त्या मुलींना आपल्या पगाराच्या तुलनेत हातात काहीच मिळत नाही, आणि सगळ्यात मोठा धोका त्याच पत्करतात. त्यांना घरी लवकर सोडायचं असेल तर तुझी बैठक लवकर संपव. मग तुझ्या साहेबाला चार आकडे कमी मिळाले तरी चालतील.

तू जिथे काम करशील त्या जागेला बायका ‘शांतिखाना’ म्हणतात. बांबूच्या भिंती, चटया, दोन-चार शिलाई मशीन, मेंदी, कोपऱ्यात पोरांसाठी खेळणी. तुला पहिला महिना वाटेल की मी इथे शिवणकाम बघायला आलेय का? हो, त्यासाठीच. ‘शिवायला चाललेय’ असं नवऱ्याला, सासूला, माझीला सांगता येतं. (माझी म्हणजे ब्लॉकचा प्रमुख. बांगलात नावाड्याला माझी म्हणतात. हा शब्द तू रोज पन्नास वेळा ऐकशील आणि मराठी कान पहिला आठवडा गोंधळेल, ‘माझी’ कोण?) एक बाई आमच्याकडे सहा वेळा फक्त दोरा मागायला आली. बाहेर पडायला दोघी जावांत मिळून एकच बुरखा होता, त्यामुळे येणं जावेच्या सोयीनं. सातव्या वेळी दोरा घेतला आणि उठली नाही. मशीन चालवणारीनं नुसतं दार ओढून घेतलं. मी तेव्हा तिथे नव्हते, असते तर बहुतेक काहीतरी विचारून घोळ घातला असता.

पोरांबद्दल. कॅम्पमधली निम्म्याहून जास्त माणसं अठराच्या आतली आहेत, आणि दरवर्षी तीसेक हजार नवी जन्मतात. तू मुलांसाठी रंगपेट्या घेऊन जाणार म्हणतेस. ने. पण चित्रांचे अर्थ लावत बसू नकोस. आमच्याकडे एक उत्साही मुलगा आला होता, मानसशास्त्र शिकलेला. एका पोरानं पूर्ण लाल आभाळ काढलं तर याचे डोळे भरून आले. त्यानं हळूच विचारलं, आभाळ लाल का? पोरगा म्हणाला, निळा खडू तिनं घेतलाय. हेलिकॉप्टर आणि जळणारी घरं काढणारीही मुलं होती, नाही असं नाही. पण त्यातली बरीचशी मुलं चित्र संपलं की वेताचा चेंडू पायानं उडवायला पळायची. ज्या मुलाकडे लक्ष ठेवायचं ते बहुधा चित्रच काढत नाही, भिंतीला टेकून बसतं. ‘आई कुठेय?’ हा प्रश्न कुठल्याही मुलाला विचारू नकोस. ज्यांना विचारायचा अधिकार आणि पुढे शोधायची यंत्रणा आहे ते विचारतील. मार्च २०२१ मध्ये बालुखालीत आग लागली, पंधरा जण गेले आणि पंचेचाळीस हजारांच्या आसपास लोकांची घरं एका दुपारी खाक झाली. भोवतीच्या काटेरी तारांमुळे पळायला वाट मिळेना. त्या रात्री पोरं आईबापांपासून सुटली, आणि ती परत जुळवण्यात उपयोगी पडली ती गल्लीतल्या कुठल्या बाईला कुठलं पोर कोणाचं हे माहीत होतं ही गोष्ट. तशा बायका तुझ्या ब्लॉकमध्ये कोण आहेत ते शोधून ठेव.

शाळेला तिथे शाळा म्हणत नाहीत, ‘लर्निंग सेंटर’ म्हणतात. बांबूची एक खोली, पाळ्यापाळ्यांनी मुलं. बांगलादेशचा अभ्यासक्रम शिकवायला परवानगी नाही. त्यांनी परत जायचं आहे, इथे रुजायचं नाही, असं त्यामागचं धोरण आहे. म्यानमारचा अभ्यासक्रम २०२१ च्या अखेरीला सुरू झाला, तो पालकांना हवाच होता. पण २०२५ मध्ये पैसा आटला आणि स्थानिक शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, वर्ग थांबले. मुलीचं तर वयात आली की शिकणं बहुधा संपतंच. फक्त मुलींचा वर्ग, बाई शिक्षिका आणि सोबतीला चालणारी एखादी मोठी बाई, एवढं जमवता आलं तर काही मुली टिकतात.

लग्नांबद्दल तू तावातावानं लिहिलंयस. चौदाव्या-पंधराव्या वर्षी लग्न लावतात म्हणून. बरोबर आहे तुझं, लढ. पण आधी हे माहीत करून घे. उत्तर राखाइनमध्ये रोहिंग्यांना लग्न करायला सरकारी परवानगी लागायची, त्यासाठी पैसे चारायला लागायचे, वर्षानुवर्षं थांबायला लागायचं. माउंगडॉ आणि बुथिडाँगमध्ये दोनच मुलांची सक्ती होती, ती फक्त यांच्यावर. आता तू भडक रंगाचं पोस्टर घेऊन जाणार आणि सांगणार, लग्न इतक्यात नको, मुलं दोनच बरी. बापाच्या कानात ते कुणाच्या आवाजात ऐकू जाईल? आमची पोस्टरं त्यामुळेच वाया गेली. मुलींच्या आयांशी बाळंतपणाबद्दल बोलायला लागलो तेव्हा कुठे थोडं जमलं. त्यांना स्वतःची पहिली बाळंतपणं आठवत होती. आणि बाप लग्न का लावतो हेही बघ. तरुण मुलगी बांबूच्या झोपडीत ठेवायची, मधली भिंत ताडपत्रीची, रात्री कोण येईल सांगता येत नाही. पुन्हा तीच कडी.

पोटाचाही संबंध आहे. कॅम्पमधल्या माणसाला काम करायची कायदेशीर परवानगी नाही, सगळं रेशनवर. माणशी महिना १२ डॉलरचं रेशन मार्च २०२३ मध्ये १० वर आणि जूनमध्ये ८ वर आलं. आठ डॉलर म्हणजे दिवसाला सत्तावीस सेंट. पुढे ते टप्प्याटप्प्यानं वाढलं, मग मार्च २०२५ मध्ये ६ वर आणायची घोषणा झाली आणि अगदी शेवटच्या घटकेला ती टळली. या वर-खालीत घरात काय होतं ते तुला आकड्यांत दिसणार नाही. आधी आई जेवण कमी करते. मग नवऱ्याचा हात उठायला लागतो. मग मुलीचं स्थळ, नाहीतर मुलाला मलेशियाच्या होडीत बसवणं. ज्या महिन्यात रेशन कापलं जाईल त्या महिन्यात शांतिखान्यात जास्त बायका येतील, तेव्हा सुट्टी घेऊ नकोस. त्यात २०२४ पासून राखाइनमधल्या आराकान आर्मी या सशस्त्र गटाच्या लढाईतून पळून आलेले आणखी दीडेक लाख लोक नातेवाइकांच्या झोपड्यांत दाटीनं राहताहेत. जिथे सहा माणसं मावत नव्हती तिथे अकरा.

बांगलादेशी सहकाऱ्यांशी जपून बोल. जपून म्हणजे नम्रपणे. सरकारी कागदावर रोहिंग्या हा शब्द तुला क्वचित दिसेल, ‘बळजबरीने विस्थापित म्यानमार नागरिक’ असा लांबलचक शब्द असतो, आणि म्यानमारमध्ये त्यांना बंगाली म्हणतात. २०१८ मध्ये नव्या ओळखपत्रांवर रोहिंग्या हा शब्द नाही म्हणून कॅम्पमध्ये निदर्शनं झाली होती. त्यांच्याशी बोलताना तू रोहिंग्याच म्हण. पण बांगलादेशनं काय करायला हवं यावर व्याख्यान देऊ नकोस. १९५१ च्या निर्वासित करारावर त्यांची सही नाही, आपलीही नाही. त्यांनी १९७८ मध्ये, १९९१-९२ मध्ये आणि २०१७ मध्ये दार उघडलं. आपल्याकडे जम्मूत, हैदराबादेत, दिल्लीत जे मूठभर रोहिंगे आहेत त्यांच्याशी आपण कसे वागतो हे उखियाचा चहावाला तुला विचारेल, आणि विचारलं तर उत्तर तयार ठेव. माझ्याकडे नव्हतं. उखिया-टेकनाफच्या गावातल्या गरिबाचंही ऐक. त्याची मजुरी पडली आहे, जंगल गेलं आहे, विहिरी खोल गेल्या आहेत. तुझ्या शांतिखान्यात त्या गावच्या बायका आल्या तर त्यांनाही चटईवर जागा दे.

मला कुतुपालाँगच्या कॅम्पात फिरताना नेहमी उल्हासनगर आठवायचं. कल्याणजवळची लष्करी छावणी, फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित, आणि आज इतक्या वर्षांनीही रिक्षावाला विचारतो, ‘कॅम्प नंबर चार ना?’ छावणीचं शहर झालं, नावात फक्त कॅम्प राहिला. माझा एक मित्र म्हणतो की सिंधी माणूस कष्टाळू म्हणून हे झालं. असेल. पण त्यांच्या हातात नागरिकत्व होतं, दुकान काढायची मुभा होती, पक्की भिंत बांधता येत होती. कुतुपालाँगचा जुना नोंदणीचा कॅम्प १९९२ सालचा. तिथे जन्मलेल्या मुलींना आता मुली झाल्या आहेत. १९८२ च्या म्यानमारच्या कायद्यानं त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं आणि इकडे पक्कं काही बांधायला परवानगी नाही, त्यामुळे अजून बांबू आणि ताडपत्रीच. कष्ट करायला कुणी नाही म्हणत नाही तिथे.

आता किरकोळ. पावसाळ्यात जातेयस, तर गुडघ्यापर्यंतचे बूट इथूनच ने, बायकांच्या मापाचे तिथे पटकन मिळत नाहीत. लाल मातीच्या पायऱ्यांवर वाळूची पोती रचलेली असतात, उतरताना पोत्याच्या मधोमध पाय टाक, कडेवर नको. ओढणी मोठी ने. फोटो काढू नकोस, मुलं स्वतः ‘फोटो, फोटो’ करत मागे लागली तरी. हत्तींची भीती बाळगू नकोस, पण चेष्टाही नको. कॅम्प त्यांच्या वाटेवरच वसलाय आणि सुरुवातीला माणसं मेली आहेत. आता रोहिंग्या स्वयंसेवकांचीच पथकं मचाणावरून राखण करतात. रात्री हॉटेलवर पोचलीस की कोळंबी खाताना अपराधी वाटेल, सगळ्यांना वाटतं. खा आणि झोप. उपाशी कार्यकर्ती दुसऱ्या दिवशी चिडचिड करते आणि ती बायकांवर निघते.

वहीत नावं लिहू नकोस. माझी ती २०१७ ची वही मी २०१९ मध्ये कॉक्स बाजारच्या हॉटेलच्या गच्चीवर जाळली, मॅनेजर आरडाओरडा करत वर आला होता.

कॅम्पचा नंबर कळला की लगेच कळव. ३३ कॅम्प आहेत आणि एकाचं दुसऱ्याला लागू पडत नाही. चार नंबरच्या पुढच्या भागात आली असशील तर तिथल्या दोन-तीन शिवणाऱ्या बायकांना माझा निरोप द्यायचाय, टेकनाफकडचा मिळाला तर वेगळं सांगेन. आणि पहिल्या आठवड्यात ब्लॉकमधल्या किती दारांना कडी आतून लागते ते मोजून पाठव. मला अहवाल नको, नुसता आकडा पाठव.

तुझी,
ताई